आईचं मत

आयोवात राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं किराणा दुकानात भेटतात, यावर माझ्या पुण्याच्या मावशीचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. आई तिला फोनवर सांगायची, "अगं, काल दूध आणायला गेले तर दारात एक गव्हर्नर उभे. हात पुढे करून म्हणाले, मी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा आहे." त्यावर मावशी म्हणायची, "हो, आणि आमच्याकडे पंतप्रधान कोथिंबीर निवडायला येतात." पण त्यात खोटं काहीच नव्हतं. या देशात मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्ष आपापला एक उमेदवार ठरवतो. ती निवड एकेका राज्यात होत जाते, आणि पहिला मान तेव्हा आमच्या मक्याच्या राज्याचा होता. त्यामुळे वर्षभर आधीपासून इच्छुकांची वरात आमच्या गावात ठाण मांडून असायची. कुणी चर्चमध्ये पॅनकेक उलटायचं, कुणी ग्रंथालयात सतरंजीवर बसून मुलांना गोष्ट सांगायचं, आणि सगळेच्या सगळे जत्रेत काडीला लावलेलं कणीस खाताना फोटो काढून घ्यायचे. दर चार वर्षांनी आमची अशी चंगळ असे. मी सतरा वर्षांची होते त्या हिवाळ्यात तर ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली.

त्या हिवाळ्याचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. तळघरातली भट्टी घरघरत सुरू व्हायची, बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत असायचं, आणि दिवाणखान्यात टीव्हीवर उमेदवारांचं वाक्‌युद्ध रंगात आलं की नेमकी कुकरची शिट्टी व्हायची. "अगं, तो कुकर बंद कर, गव्हर्नर बोलतायत!" असं बाबा ओरडायचे. आई आतून सांगायची, "त्यांना म्हणावं, डाळ शिजेपर्यंत दम धरा." डिबेटच्या दिवशी भजी ठरलेली. कांद्याची, आणि आमच्या राज्याचा मान म्हणून एक घाणा मक्याच्या दाण्यांची. सुधीरकाका भज्यांच्या वासावर यायचे. हे मूळचे नागपूरचे, बाबांच्याच ऑफिसात, बायको-मुलं अजून तिकडे असल्यामुळे एकटेच राहणारे. येताना ते लसूण घातलेला झणझणीत चिवडा आणायचे, आणि दर आठवड्याला नवा उमेदवार.

"काका, मागच्या वेळी तर तुम्ही सिनेटरच्या बाजूला होतात," मी म्हणायचे.

"होतो ना! मग काहून आता बदलू नये? यार, इथं काही लग्न लागलंय का आपलं?"

बाबांचं मात्र लग्न लागलं होतं. त्यांचे गव्हर्नर म्हणजे केस व्यवस्थित, टाय व्यवस्थित, प्रत्येक प्रश्नाचं तीन मुद्द्यांत उत्तर. बाबा सोलापूरचे, इंजिनिअर, गणितात कधी पंच्याण्णवच्या खाली न गेलेले, त्यामुळे तीन मुद्दे ऐकले की ते विरघळत. माझा उमेदवार होता त्याच पक्षातला तरुण सिनेटर. तो बोलायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा, हे मी आजही नाकारणार नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या कचेरीत जाऊन फोन फिरवायचे, पाट्या रंगवायचे. बाबा त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलत: "कानामागून आला आणि तिखट झाला." त्यावरून आमची जी जुंपायची ती आई पानं घेईपर्यंत थांबायची नाही. बाबा तिखट मराठीत, मी त्याहून तिखट इंग्रजीत. "बाबा, यू आर नॉट इव्हन लिसनिंग!" असं मी म्हटलं की सुधीरकाका टाळी वाजवून चिवड्याची वाटी माझ्यापुढे सरकवायचे.

या सगळ्यात खरी गंमत होती अपेक्षेची. मला ती बाबांनीच समजावली. इथे पहिलं येऊन भागत नाही. लोकांना जेवढं वाटलं होतं त्याहून जास्त मिळवावं लागतं. "हे बघ," ते म्हणाले, "आमच्या वर्गात एक जोशी होता. बोर्डात येणार म्हणून सगळे धरून बसले होते. त्याला अठ्ठ्याऐंशी पडले, तर घरात सुतक. आणि आमच्या शेजारचा बंड्या. तो कसाबसा पन्नासला टेकला, तर त्याच्या आईने आळीभर पेढे वाटले. तर गव्हर्नर हे जोशी आहेत. त्यांना नुसतं जिंकून चालणार नाही, दणकून जिंकायला हवं." सिनेटरकडून बऱ्यापैकी अपेक्षा होत्या. आणि शर्यतीत शेवटून पहिली एक बाई होती. पूर्वी शाळेत शिकवणारी, आता एका लहानशा राज्यातून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, निवडून आलेली. तिच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. डिबेटमध्ये तिला टोकाला उभं करत आणि दोन प्रश्न विचारत. "ही बंड्यासुद्धा नाही," बाबा म्हणत.

आता मुख्य मुद्दा सांगते. आमच्या घरात बाबांना मतं होती, पण मत होतं ते आईला. ग्रीन कार्ड मिळून पुरेशी वर्षं झाल्यावर आईने अभ्यास केला, परीक्षा दिली आणि ती अमेरिकेची नागरिक झाली. तिच्यामुळे कायद्याने मीही झाले. बाबा राहिले. "पासपोर्ट एकदा दिला की गेला. घाई काय आहे?" असं म्हणत त्यांनी ते वर्षानुवर्षं लांबवलं. सुधीरकाका तर व्हिसावरच. म्हणजे गावात सर्वांत कडवे वाद घालणाऱ्या दोघांना मताचा अधिकार नव्हता. उमेदवारांच्या कचेऱ्यांमधून फोन यायचे. बाबा झडप घालून उचलायचे, आरोग्यविम्यावर दहा मिनिटं बोलायचे, आणि मग पलीकडचा मुलगा नम्रपणे विचारायचा, "सर, मिसेस सबनीस आहेत का?" बाबांचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

तरी बाबांना काळजी नव्हती, कारण घरात ते "आपलं मत" असंच म्हणत. आपलं मत गव्हर्नरना. सोलापूरला माझे आजोबा मतदानाच्या दिवशी चहाच्या वेळी कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगत आणि घरातली सगळी माणसं तसा मारून येत. आईनेही लग्नानंतर तसाच मारला होता. इकडे मीही आईच्या मागे लागलेच होते. कणीक मळताना मी तिच्या कानाशी सिनेटरची भाषणं वाचायचे. ती ऐकायची, मधेच "छान बोलतो हं," म्हणायची आणि मला पोळपाट धुवायला लावायची. कुणाला मत देणार हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आम्हा दोघांनाही खात्री होती की ती आपल्याच बाजूची आहे.

आई गावातल्या एका वृद्धाश्रमात आहारतज्ज्ञ होती. आमच्या शेजारच्या डॉरिसबाई, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, तिथे स्वयंसेविका म्हणून जात. डिसेंबरात एका दुपारी त्या आईला कॉफीच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथे ती शेवटून पहिली बाई आली होती आणि तिला ऐकायला माणसं किती, तर दोन टेबलं भरतील एवढी. आईने तिला एक प्रश्न विचारला. परत आल्यावर जेवताना आई एवढंच म्हणाली, "बाई म्हणाल्या, मला माहीत नाही."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "माहीत नाही? मग राष्ट्राध्यक्ष कशाला होतेय? आमच्या मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं!"

आईने त्यांना पाणी दिलं. मीही हसले होते.

आणि तो दिवस उजाडला. आमच्या राज्यात तेव्हा पेटीत गुपचूप मत टाकायची पद्धत नव्हती. इथल्या पद्धतीला कॉकस म्हणत. संध्याकाळी भागातली सगळी माणसं शाळेत जमायची आणि आपापल्या उमेदवाराच्या पाटीखाली जाऊन उभी राहायची. ज्या कोपऱ्यात हजेरीच्या पंधरा टक्के तरी माणसं नसतील तो कोपरा बाद. मग त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसरीकडच्यांना वळवून आपल्याकडे आणायचं. शेजाऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर, पोरांसमोर. हल्ली म्हणे आमच्या पक्षाने घरी कार्ड पाठवायला सुरुवात केली. खूण करायची आणि पोस्टात टाकायची. सोयीचं आहे, पण मला ऐकून वाईट वाटलं. त्या संध्याकाळसारखी धडधड पोस्टाच्या पेटीपाशी कुणाला होणार?

गाडीत आई पुढे बसून एक इंग्रजी वाक्य पुटपुटत होती. नोव्हेंबरपर्यंत अठरा पुरी होणार असल्यामुळे मलाही उभं राहता येणार होतं, आणि बाबा निरीक्षक म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीवर बसणार होते, कोटावर गव्हर्नरांचं स्टिकर लावून. शाळेच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास, लहान मुलं बास्केटबॉलच्या रेषांवरून धावतायत, आमच्या बाजूच्या पोरांनी आधीच घोषणा सुरू केलेल्या. दारातल्या टेबलावरच्या बाईंनी आईला विचारलं, "मी काय मदत करू?" आणि आईने गाडीत घोकलेलं वाक्य खणखणीत म्हटलं: "आय हॅव कम टु गिव्ह माय ओपिनियन."

ती मत द्यायला आली होती. मराठीत मनात जुळवलेलं वाक्य तिने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत आणलं, आणि 'मत' या शब्दाचे दोन रस्ते फुटतात तिथे तिने चुकीचा धरला. टेबलावरच्या बाईंचा चेहरा उजळला. "वंडरफुल! कुणाच्या बाजूने?" त्यांनी विचारलं. आईने वाकून त्यांच्या कानात नाव सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, पण तेवढ्यात बाई उठून सभेच्या अध्यक्षांकडे गेल्या होत्या. अध्यक्ष म्हणजे बियाण्यांच्या दुकानाचे मालक, खांद्यावरून पट्टे असलेली पँट घातलेले एक धिप्पाड गृहस्थ.

"आपापल्या कोपऱ्यात जा," ते गरजले. मी सिनेटरच्या पाटीखाली धावले आणि आईला हाताने बोलवायला लागले. तिकडे बाबा खुर्चीवरून तिला बोटाने गव्हर्नरांचा कोपरा दाखवत होते. आईने पर्स काखेत नीट धरली, आम्हा दोघांच्या मधून सरळ चालत गेली, आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्या ठेवल्या होत्या त्या कोपऱ्यात डॉरिसबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शेवटून पहिल्या बाईच्या पाटीखाली.

"आई!" मी ओरडले. बाबा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

पहिली मोजणी झाली. टिकायला चोवीस माणसं लागत होती. गव्हर्नर आणि सिनेटर आरामात वर होते. आईचा कोपरा वीसच्या आत अडकला. अध्यक्ष म्हणाले, "आता माणसं वळवायला वेळ आहे. पण त्याआधी, मिसेस सॅबनीस आपलं मत मांडायला आल्या आहेत. त्यांना एक मिनिट देऊ." आईने मागे वळून पाहिलं, कुणी दुसरी मिसेस सॅबनीस आहे का म्हणून. मग तिला कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. डॉरिसबाईंनी तिला हलकेच पुढे ढकललं.

आईचं इंग्रजी मराठी शाळेतलं, सावकाश आणि स्वच्छ. ती म्हणाली, "माझ्या भाषेत वोट आणि ओपिनियन या दोन्हींना एकच शब्द आहे. मी एक द्यायला आले होते, तुम्ही दुसरं मागितलंत. हरकत नाही, दोन्ही देते." लोक हसले. तिला धीर आला. "ओपिनियनची आमच्या घरी कधीच टंचाई नव्हती. माझे मिस्टर तिथे बसलेत, त्यांना विचारा." अख्खी जिम बाबांकडे वळली; बाबांना हात हलवावा लागला. "मी वृद्धाश्रमात जेवण ठरवते. चांगलं ठरवते. पण ज्यांचे हात थरथरतात त्यांना भरवायला माणसं पुरत नाहीत. तिसऱ्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत सूप गार होतं, आणि गार सूप कुणी पीत नाही. मी या बाईंना विचारलं, तुम्ही माणसं कुठून आणाल? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, तुम्हाला काय वाटतं? मग मी बोलत राहिले आणि त्यांनी सगळं ऐकलं. इतकी वर्षं मी टीव्हीवर डिबेट बघते. मला माहीत नाही, असं तिथे कुणी म्हणत नाही." ती क्षणभर थांबली. "माझ्या घरी तर कध्धीच नाही."

जो हशा पिकला तो मी विसरू शकत नाही. टाळ्या पडल्या, आमच्या सिनेटरच्या कोपऱ्यातसुद्धा. आणि मग माणसं हलू लागली. एक नर्स गव्हर्नरांकडून गेली. एक म्हातारं जोडपं हात धरून गेलं. आमच्यातला एक दाढीवाला विद्यार्थी "माझी आजी तिथेच आहे," म्हणत गेला. मी एकेक माणूस मोजत होते. तेवीस! माझ्या पाट्या, माझे फोन, माझा सिनेटर गेला उडत, असं वाटलं आणि मी बास्केटबॉलची रेषा ओलांडून आईकडे पळाले.

आईने हात आडवा धरला. "का आलीस?"

"आई, वन कमी आहे! तुझ्यासाठी!"

"मग परत जा." ती मराठीत हळू बोलत होती, पण आवाज कडक होता. "बाईंचं पटलं असेल तर ये. आई आहे म्हणून येऊ नकोस. चहाच्या वेळी ठरवून दिलेलं मत मी दिलंय, मला माहितीये ते कसं असतं."

मी तिथेच उभी राहिले. पटलं होतं का? आईचं पटलं होतं. पण माझा सिनेटर मला मनापासून हवा होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर खोटं बोलायची माझी टाप नव्हती. मी मागे फिरले. आज माझं वय त्या वेळच्या आईपेक्षा जास्त आहे, आणि माझ्या मुलीला अशा वेळी मी परत पाठवू शकेन का, हे मला सांगता येत नाही. मी बहुधा तिला मिठी मारून मोजायला लावलं असतं.

तेवढ्यात भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. कोटावरचं स्टिकर काढून खिशात घालत ते सबंध जिम ओलांडून आले आणि रांगेच्या शेवटी, डॉरिसबाईंच्या पलीकडे, हात मागे बांधून उभे राहिले.

"तुम्ही कशाला?" आईने विचारलं. "माझ्यासाठी?"

"नाही," बाबा म्हणाले. "पटलं."

"वेळ संपली!" अध्यक्ष म्हणाले. मोजणी तोंडी असायची. रांगेतल्या प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. वन, टू, थ्री. आईचा आकडा आला तेव्हा तिचा आवाज जरासा फाटला. आकडे पुढे सरकत गेले तशी जिम शांत होत गेली. मी देव पाण्यात घातले होते. डॉरिसबाई काठी आपटून म्हणाल्या, "ट्वेंटी-थ्री!" आणि पुढचे होते बाबा.

बाबांनी तोंड उघडलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. दाढीवाला विद्यार्थी पुटपुटला, "से इट, मॅन!" त्यांनी चोवीस म्हटलं असतं तर कुणी काही विचारलंही नसतं.

"सर?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला मोजू नका," बाबा इंग्रजीत म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "मी नागरिक नाही. मी नुसता उभा आहे."

आईचा कोपरा बाद झाला. गव्हर्नरवाले आणि आमचे लोक लगेच तिच्याभोवती गोळा झाले, आमच्याकडे या, आमच्याकडे या म्हणत. मी लांब उभी राहिले. आईने सगळ्यांना हसून नमस्कार केला, "माझं देऊन झालं," म्हणाली आणि कोटाची बटणं लावायला लागली. डॉरिसबाईंनी तिला घट्ट जवळ घेतलं. जिंकलेल्यांपेक्षा तिचाच चेहरा जास्त फुललेला होता. गाल लाल, डोळे चमकत होते, आणि पार्किंगमधल्या बर्फावरून ती शाळकरी मुलीसारखी घसरत चालली होती.

गाडीची काच गोठली होती. ती वितळेपर्यंत आम्ही आत बसून राहिलो. रेडिओवर तज्ज्ञमंडळी कुणी अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं यावर तावातावाने बोलत होती. एरवी बाबांनी आवाज वाढवला असता. त्यांनी तो बंद केला.

"एकच मत कमी पडलं गं," ते म्हणाले.

"हो ना."

मागच्या सीटवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, आय ॲम सॉरी," मी म्हटलं.

"तुझं नव्हे गं. तुझं तू दिलंस, बरोबर दिलंस." आईने हातमोजा काढला आणि बाबांच्या हातावर हात ठेवला. "कमी पडलं ते यांचं."

काचेवरचं बर्फ खालून वितळत वर चाललं होतं. समोरचा रस्ता दिसायला लागला तरी त्यांनी गाडी हलवली नाही.

"सिटिझनशिपच्या परीक्षेचं ते पुस्तक," शेवटी त्यांनी विचारलं, "ठेवलंयस का गं अजून?"